विश्लेषण : गर्भपात क्लिनिकच्या दारात कोण किती जवळ उभं राहू शकतं? अमेरिका आणि ब्रिटनमध्ये यावरून वाद का पेटलाय?

२३ जानेवारी २०२५. डोनाल्ड ट्रम्प यांना दुसऱ्यांदा अमेरिकेचे अध्यक्ष होऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. त्या दिवशी त्यांनी २३ जणांच्या माफीपत्रावर सही केली. गर्भपात क्लिनिकची वाट अडवल्याबद्दल हे सगळे दोषी ठरले होते आणि त्यांतले काही तुरुंगात होते. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये गर्भपातविरोधकांचा 'मार्च फॉर लाइफ' हा वार्षिक मोर्चा होता.

त्या दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली, पण तिची चर्चा कमी झाली. अमेरिकेच्या न्याय खात्याने सरकारी वकिलांना कळवलं की, क्लिनिकचं संरक्षण करणाऱ्या 'फेस' कायद्याखाली यापुढे फक्त अपवादात्मक परिस्थितीत खटले भरायचे. सुरू असलेले तीन दिवाणी दावेही मागे घेण्यात आले.

कायदा पुस्तकात तसाच राहिला, फक्त तो वापरणारा हात मागे घेतला गेला. हा कायदा मुळात का आला? क्लिनिकच्या दारात नेमकं काय घडतं? आणि दारात उभं राहणाऱ्यांपैकी कुणाचा हक्क कुठे संपतो? समजून घेऊया.

ज्यांना माफी मिळाली, त्यांनी काय केलं होतं?

यातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण राजधानी वॉशिंग्टनचं आहे. २२ ऑक्टोबर २०२० रोजी एका महिलेने खोट्या नावाने क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतली. दार उघडताच तिच्यासोबत आलेले लोक आत घुसले. त्यांनी साखळ्या, दोऱ्या आणि कुलपांनी स्वतःला एकमेकांशी आणि फर्निचरशी बांधून घेतलं आणि वाट बंद केली. हा सगळा प्रकार फेसबुकवर लाइव्ह दाखवला जात होता. झटापटीत एका नर्सचा पाय मुरगळला.

खटल्यात समोर आलेल्या माहितीनुसार, एक रुग्ण रिसेप्शनच्या खिडकीतून चढून आत गेली. दुसरी आत जाता न आल्यामुळे बाहेरच्या पॅसेजमध्ये वेदनेने पडून होती.

या गटाची प्रमुख लॉरेन हँडी हिला मे २०२४ मध्ये ५७ महिन्यांची, म्हणजे पावणेपाच वर्षांची शिक्षा झाली. ट्रम्प यांचं म्हणणं असं की, या लोकांवर खटले भरायलाच नको होते, त्यांतले बरेच जण वयस्कर आहेत. हे खरंही आहे. माफी मिळालेल्यांमध्ये सत्तरी ओलांडलेले लोक होते.

पण दार अडवणाऱ्याचं वय किती, यावर आत जाणाऱ्या बाईची अडचण कमी-जास्त होत नाही. हा वाद चाळीस वर्षं इथेच अडकला आहे. एका बाजूला शांतपणे, प्रार्थना म्हणत बसलेली माणसं दिसतात. दुसऱ्या बाजूला त्याच माणसांमुळे डॉक्टरपर्यंत पोहोचू न शकलेली रुग्ण असते.

ही पद्धत सुरू कधी झाली?

१९७३ मध्ये 'रो विरुद्ध वेड' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला. विरोधकांनी सुरुवातीची बरीच वर्षं निवडणुका आणि न्यायालयांवर भर दिला. १९८० च्या दशकात रँडल टेरी या तरुण कार्यकर्त्याने 'ऑपरेशन रेस्क्यू' ही संघटना उभी केली आणि लढाई थेट क्लिनिकच्या दारात आणली.

पद्धत सोपी होती. पहाटे शेकडो लोक क्लिनिकच्या दारात बसायचे. पोलीस आले की अंग सैल सोडायचे, म्हणजे एकेकाला उचलून न्यायला चार-चार पोलीस लागायचे. अटकेनंतर खरं नाव सांगायचं नाही, 'बेबी डो' असं नाव द्यायचं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर धरणं, घेराव आणि जेलभरो यांचं हे मिश्रण होतं. १९८८ मध्ये अटलांटा शहरात डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं, तेव्हा या आंदोलनाने देशभरच्या कॅमेऱ्यांचं लक्ष वेधून घेतलं.

१९९१ च्या उन्हाळ्यात कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात याचा कळस झाला. तिथे सहा आठवडे आंदोलन चाललं आणि अडीच हजारांहून जास्त अटका झाल्या. केंद्रीय न्यायाधीश पॅट्रिक केली यांनी क्लिनिकची वाट मोकळी ठेवण्यासाठी थेट केंद्राचे मार्शल तैनात केले. त्या वेळच्या थोरल्या जॉर्ज बुश सरकारने मात्र न्यायाधीशांना असा आदेश देण्याचा अधिकार नाही, अशी भूमिका घेतली होती. म्हणजे आज दिसणारी सरकार बदललं की धोरण बदलण्याची गोष्ट नवी नाही.

दार उघडं ठेवणारे कोण होते?

घेराव वाढले तसे समोरून दुसरे लोकही रस्त्यावर आले. १९९२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात तिथल्या महापौरांनीच आंदोलकांचं जाहीर स्वागत केलं होतं. पण यावेळी क्लिनिकच्या बाजूने आलेले स्वयंसेवक पहाटे आंदोलकांच्या आधी पोहोचले. त्यांनी हातात हात अडकवून दारासमोर साखळी केली आणि येणाऱ्या रुग्णांसाठी मधून वाट ठेवली. दोन आठवड्यांच्या आंदोलनात क्लिनिकं सुरू राहिली.

मानवी साखळी हा मोठ्या प्रसंगांसाठीचा उपाय होता. रोजचं काम 'क्लिनिक एस्कॉर्ट' करतात. एस्कॉर्ट म्हणजे सोबत करणारे स्वयंसेवक. ठळक रंगाचं जॅकेट घालून ते पार्किंगमध्ये उभे राहतात. गाडीतून उतरणाऱ्या बाईला आधी विचारतात, 'सोबत येऊ का?' तिने हो म्हटलं, तर दारापर्यंत तिच्या बाजूने चालतात. कुणी चेहऱ्यासमोर मोबाइल धरला तर मोठी छत्री आडवी धरतात. दारात आरडाओरड सुरू असेल तर पाऊस-पाण्याच्या गप्पा मारत राहतात.

बहुतेक ठिकाणी त्यांचा पहिला नियम एकच असतो, आंदोलकांशी वाद घालायचा नाही. कारण वाद पेटला की आवाज वाढतो आणि त्याचा त्रास आत जाणाऱ्या बाईलाच होतो. हा नियम सर्वांना पटतो असं नाही. गर्भपात हक्कांच्या चळवळीतच काहींना वाटतं की, गप्प राहिल्याने फुटपाथ समोरच्यांच्या ताब्यात जातो. मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरातल्या 'पिंक हाऊस' या गुलाबी क्लिनिकबाहेरचे स्वयंसेवक मोठ्याने संगीत लावून आंदोलकांच्या लाउडस्पीकरला उत्तर द्यायचे.

या कामाची किंमत काहींनी जीव देऊन मोजली आहे.

मग 'फेस' कायदा कसा आला?

मार्च १९९३ मध्ये फ्लोरिडातल्या पेन्साकोला शहरात डॉ. डेव्हिड गन यांना क्लिनिकबाहेर निदर्शनं सुरू असताना गोळ्या घालण्यात आल्या. गर्भपात करतो म्हणून डॉक्टरचा खून होण्याची अमेरिकेतली ही पहिली घटना मानली जाते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विचिटात डॉ. जॉर्ज टिलर यांच्यावर गोळीबार झाला. तेव्हा ते वाचले.

त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा एक निकालही आला होता. क्लिनिकची बाजू मांडणारे वकील तोपर्यंत १८७१ चा एक जुना कायदा वापरत होते. कु क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेला आवर घालण्यासाठी तो आला होता. हा कायदा क्लिनिकच्या नाकेबंदीला लागू होत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. म्हणजे हिंसा वाढत असतानाच केंद्राच्या हातातलं हत्यार गेलं.

ही पोकळी भरण्यासाठी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने 'फ्रीडम ऑफ ॲक्सेस टू क्लिनिक एन्ट्रन्सेस', थोडक्यात 'फेस' कायदा मंजूर केला. २६ मे १९९४ रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्यावर सही केली.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, २९ जुलैला पेन्साकोलातच डॉ. जॉन ब्रिटन आणि त्यांना गाडीतून क्लिनिकला आणणारे एस्कॉर्ट जेम्स बॅरेट यांचा खून झाला. बॅरेट हवाई दलाचे निवृत्त अधिकारी होते, वय ७४. गाडीत मागे बसलेल्या त्यांच्या पत्नीही जखमी झाल्या. पुढे २००९ मध्ये डॉ. टिलर यांना त्यांच्या चर्चमध्ये गोळी घालून मारण्यात आलं.

अमेरिकेतल्या 'नॅशनल अबॉर्शन फेडरेशन' या संस्थेच्या नोंदींनुसार, १९७७ ते २०२२ या काळात गर्भपात सेवांशी संबंधित हिंसेत ११ खून, ४२ बॉम्बस्फोट आणि सुमारे २०० जाळपोळीच्या घटना घडल्या.

या कायद्यात नेमकं आहे काय?

'फेस' कायदा निदर्शनांना बंदी घालत नाही. फलक धरणं, घोषणा देणं, प्रार्थना करणं, पत्रकं वाटणं हे सगळं चालतं. बळाचा वापर करून, धमकी देऊन किंवा वाट अडवून कुणाला सेवा घेण्यापासून वा देण्यापासून रोखणं हा गुन्हा आहे. हिंसा न करता फक्त वाट अडवली, तर पहिल्या वेळी जास्तीत जास्त सहा महिन्यांची शिक्षा होते.

मग हँडीला ५७ महिने कसे झाले? कारण तिच्यावर 'नागरी हक्कांविरुद्ध कट' हे दुसरं कलमही लावलं होतं. त्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हे कलमही अमेरिकी गृहयुद्धानंतरच्या, क्लानला रोखण्यासाठी झालेल्या कायद्यांतूनच आलेलं आहे. आंदोलकांच्या समर्थकांचा मुख्य आक्षेप इथे आहे. साखळी बांधून बसलेल्या माणसाला क्लानसाठीचं कलम लावणं हा अतिरेक आहे, असं ते म्हणतात.

त्यांची दुसरी तक्रार भेदभावाची आहे. हाच कायदा गर्भपाताविरुद्ध समुपदेशन करणाऱ्या केंद्रांना आणि प्रार्थनास्थळांनाही संरक्षण देतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा मसुदा फुटल्यावर अशा अनेक केंद्रांवर हल्ले झाले, पण बायडेन सरकारने त्यात तेवढी तत्परता दाखवली नाही, असा आरोप आहे. फ्लोरिडातल्या केंद्रांवर धमक्या रंगवणाऱ्यांना याच कायद्याखाली शिक्षा झाली, हेही खरं आहे. पण खटल्यांची मोठी संख्या गर्भपातविरोधकांवरचीच होती.

दुसरी बाजू म्हणते की, ज्या दारांवर घेराव जास्त झाले, तिथले खटलेही जास्त असणारच.

आठ फूट की पस्तीस फूट?

वाट अडवणं गुन्हा ठरला, तरी एक प्रश्न उरतो. वाट न अडवता किती जवळ जायचं? अमेरिकी राज्यघटनेतली पहिली दुरुस्ती अभिव्यक्ती स्वातंत्र्याला मोठं संरक्षण देते आणि फुटपाथ ही तर बोलण्याची हक्काची जागा मानली जाते.

त्यामुळे न्यायालय अक्षरशः फूटपट्टी घेऊन बसलं. १९९४ मध्ये फ्लोरिडातल्या खटल्यात क्लिनिकभोवतीचा ३६ फुटांचा पट्टा मान्य झाला. १९९७ मध्ये बफेलोच्या खटल्यात दारापासून १५ फूट मोकळे ठेवणं योग्य ठरलं, पण माणसाबरोबर सरकणारा पट्टा रद्द झाला. २००० मध्ये कोलोरॅडोचा नियम टिकला. त्यानुसार क्लिनिकच्या दारापासून १०० फुटांच्या आत कुणाच्याही संमतीशिवाय आठ फुटांपेक्षा जवळ जाऊन पत्रक देता किंवा समजावता येत नाही.

२०१४ मध्ये वारं बदललं. मॅसॅच्युसेट्सचा ३५ फुटांचा पट्टा न्यायालयाने एकमताने रद्द केला. अर्ज करणाऱ्या एलेनॉर मॅककलन या सत्तरीतल्या आजी होत्या. त्यांना ओरडायचं नव्हतं, आत जाणाऱ्या मुलींशी हळू आवाजात बोलायचं होतं. पट्ट्यामुळे ते अशक्य होतं, असं न्यायालयाला पटलं. ज्या न्यायालयाने हा निकाल दिला, त्याच्या स्वतःच्या प्रांगणात निदर्शनांना बंदी आहे, याकडे टीकाकारांनी तेव्हा बोट दाखवलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये इलिनॉयमधल्या कार्बनडेल शहराचं प्रकरण न्यायालयापुढे आलं. जून २०२२ मध्ये 'रो' निकाल रद्द झाल्यावर आसपासच्या राज्यांत गर्भपातबंदी आली आणि या छोट्या शहरात बाहेरच्या राज्यांतून रुग्ण येऊ लागले. त्यांच्यामागे आंदोलकही आले. शहराने कोलोरॅडोसारखा नियम केला आणि प्रकरण न्यायालयात असताना मागे घेतला. न्यायालयाने सुनावणी नाकारली. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस आणि सॅम्युअल अलिटो यांना मात्र ती हवी होती. म्हणजे आठ फुटांचा नियम सध्या टिकून आहे, पण त्याचा पाया भक्कम नाही.

ब्रिटनमध्ये मनातल्या मनात प्रार्थना केली तरी गुन्हा?

अटलांटिकच्या पलीकडे गणित उलटं आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये ३१ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक गर्भपात क्लिनिकभोवती १५० मीटरचा 'सुरक्षित प्रवेश' पट्टा आहे. क्रिकेटच्या सात खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या, तर साधारण एवढं अंतर होतं. स्कॉटलंडमध्ये हेच अंतर २०० मीटर आहे. या पट्ट्यात वाट अडवणं तर सोडाच, कुणाच्या निर्णयावर प्रभाव टाकण्याचा प्रयत्न करणंही गुन्हा आहे.

याआधी स्थानिक प्रशासन आपापले पट्टे आखायचं. अशाच पट्ट्यात बोर्नमथ शहरात मान खाली घालून मूक प्रार्थना करणाऱ्या एका माजी सैनिकाला ऑक्टोबर २०२४ मध्ये दोषी ठरवलं गेलं. एप्रिल २०२५ मध्ये त्याच शहरात 'बोलायचं असेल तर मी इथे आहे' अशा अर्थाचा फलक धरणारी एक निवृत्त महिला दोषी ठरली. दोघांनाही तुरुंगवास झाला नाही, पण खटल्याच्या खर्चापोटी हजारो पौंड भरावे लागले.

अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये म्युनिकच्या सुरक्षा परिषदेत या माजी सैनिकाचं उदाहरण देऊन युरोपवर टीका केली. स्कॉटलंडमध्ये घरातल्या प्रार्थनेबद्दलही लोकांना इशारे दिले गेले, असा दावा त्यांनी केला. स्कॉटलंड सरकारने तो फेटाळला. पट्ट्यातल्या घरांना पत्रं गेली होती, पण त्यांत खासगी प्रार्थनेला बंदी नव्हती.

तरीही व्हान्स यांनी उचललेला प्रश्न पोकळ नाही. उभ्या असलेल्या माणसाच्या मनात काय चाललंय, यावर गुन्हा ठरवायचा का? कायद्याचे समर्थक म्हणतात, प्रश्न मनातल्या विचाराचा नाही, त्या जागी मुद्दाम येऊन उभं राहण्याचा आहे. आत जाणाऱ्या बाईला समोरच्याच्या मनातलं वाचता येत नाही. तिला फक्त दिसतं की, आपल्याला बघण्यासाठी कुणीतरी तिथे थांबलंय.

बेळगावच्या मुलीशी याचा काय संबंध?

मराठी वाचकांना सविता हलप्पनवार हे नाव आठवत असेल. बेळगावची ही दंतवैद्य लग्नानंतर आयर्लंडमध्ये राहत होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये, १७ आठवड्यांची गर्भवती असताना तिचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालं. तिने गर्भपाताची मागणी केली. पण गर्भाचे ठोके सुरू असल्याने गॉलवेच्या रुग्णालयात ती नाकारली गेली. जंतुसंसर्गाने २८ ऑक्टोबरला तिचा मृत्यू झाला. ती ३१ वर्षांची होती.

तिच्या मृत्यूनंतर पेटलेल्या चळवळीतून २०१८ मध्ये सार्वमत झालं आणि ६६.४ टक्के मतदारांनी घटनेतली बंदी उठवली. २०१९ मध्ये सेवा सुरू झाल्या, तसे रुग्णालयांबाहेर फलक घेऊन लोक उभे राहू लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयर्लंडनेही १०० मीटरचा पट्टा लागू केला. कायद्याने हक्क मिळाला, तरी तो वापरण्यासाठी दार ओलांडता यावं लागतं, हे तिथे पाच वर्षांत लक्षात आलं.

भारतात १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे आणि क्लिनिकबाहेर असे घेराव दिसत नाहीत. पण अडवणूक नाही असं नाही. कायद्यानुसार सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी आहे, तरी नवऱ्याची सही आणा असं सांगितलं जातं. आपल्याकडे दार अडवलं जातं ते बहुतेकदा आतून.

आता पुढे काय?

अमेरिकेत 'फेस' कायदा रद्द करण्याचं विधेयक रिपब्लिकन खासदार चिप रॉय यांनी मांडलं आहे. ते होईपर्यंत कायदा जिवंत आहे आणि केंद्र सरकार गप्प बसलं, तरी दोन मार्ग उरतात. क्लिनिक स्वतः दिवाणी दावा करू शकतं आणि राज्याचे ॲटर्नी जनरलही करू शकतात. न्यूयॉर्कच्या लेटिशिया जेम्स यांनी २०२३ मध्ये लाल गुलाब घेऊन क्लिनिकमध्ये घुसणाऱ्या गटाविरुद्ध तसा दावा केला होता. अनेक राज्यांचे स्वतःचे कायदेही आहेत.

आणखी एक मुद्दा आंदोलक आणि क्लिनिक या दोघांनाही माहीत आहे. अशा गुन्ह्यात घटनेनंतर पाच वर्षांपर्यंत खटला भरता येतो. म्हणजे आज अडवलेल्या दाराचा हिशेब जानेवारी २०२९ मध्ये येणारं सरकार मागू शकतं, किंवा सोडूनही देऊ शकतं.

तोपर्यंत दार उघडं ठेवण्याचा भार बराचसा रंगीत जॅकेट घालून पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या लोकांवर आहे. त्यांच्याकडे अधिकार नाहीत. हातात फक्त एक छत्री असते.